मशेरीचा हिशेब

नव्वदच्या दशकात मी कर्जतला बँकेत अधिकारी होतो. कर्जाच्या अर्जात उत्पन्नाचा रकाना असे. कर्ज हवे असले की शेतात भात दुप्पट पिके. वसुलीला गेलो की तेच भात निम्म्यावर येई. माणसे लबाड नव्हती. विचारणारा कोण आणि कशासाठी विचारतो, हे ओळखून ती बोलत.

मध्यंतरी खालापूर तालुक्यात आत्याकडे गेलो असताना याची आठवण झाली. आरोग्याच्या पाहणीसाठी एक मुलगी आली होती. ओटीवर बसून तिने विचारले, “आजी, तंबाखू खाता का?”

“छे गं बाई! आमच्या घरात कुणालाच व्यसन नाही.”

मुलगी हुशार होती. आत्याच्या बोटाकडे पाहत म्हणाली, “आणि मशेरी?”

“ती होय? ती दात घासायला. दिवसातून चारदा लागते.”

तव्यावर भाजलेली तंबाखूच ती! पण आत्याच्या लेखी व्यसन म्हणजे पुरुषांचा प्रांत. प्रश्नातला एक शब्द बदलला आणि ‘नाही’चे ‘होय’ झाले. २००९-१० आणि २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू पाहण्यांत विडी, गुटखा, मशेरी असे पदार्थांचे नाव घेऊन विचारले गेले, ते याचसाठी.

उत्तर कोण देतो, हेही महत्त्वाचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी १९९२-९३ पासून चालू आहे. १९९८-९९ च्या फेरीत घरातली एकच व्यक्ती सर्वांच्या तंबाखू-दारूविषयी सांगत असे. २००५-०६ मध्ये स्त्री-पुरुषांना स्वतःबद्दल विचारले गेले. मग या दोन फेऱ्यांचे आकडे शेजारी मांडून व्यसन वाढले की घटले, हे कसे ठरवायचे?

अफू, हेरॉईन यांच्या बाबतीत तर दारात आलेल्या परक्याला कोण खरे सांगणार? म्हणूनच दिल्लीच्या ‘एम्स’ने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दोन लाख घरे पालथी घातलीच, शिवाय व्यसनींच्या ओळखीतून पुढच्या व्यसनींपर्यंत पोचून सत्तर हजारांहून अधिक जणांना गाठले.

बँकेत आम्ही ताळा जुळल्याशिवाय घरी जात नसू. इथेही ताळा आहे. लाळेतल्या वा लघवीतल्या कोटिनीनवरून गेल्या दोन-चार दिवसांतली तंबाखू कळते. पण घरोघर बाटल्या घेऊन किती फिरणार?

लोक दर फेरीला सारखेच लपवत असते, तर निदान चढउतार तरी खरा कळला असता. पण लाज आणि भीती काळागणिक बदलतात. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. त्यानंतर आकडा उतरला, तर पुडी सुटली की तोंड मिटले, हा प्रश्न उरतोच. आणि अशाच आकड्यांवरून कुठे किती व्यसनमुक्ती केंद्रे हवीत, याचा विचार होतो.

मुलगी गेल्यावर आत्याने मला हळूच विचारले, “तंबाखू म्हणून लिहिलं का रे तिने?”

“लिहिलं.”

“सुनेसमोर विचारायला नको होतं,” आत्या म्हणाली, आणि मशेरीची डबी पदराआड सरकवली.