जुना सर्व्हर बंद करण्याआधी मोजायचा आकडा

31 मार्च 2017 रोजी स्टेट बँक ऑफ हैदराबादच्या सुमारे 2,000 शाखा होत्या. 1 एप्रिलला कायद्याच्या हिशेबाने त्या नावाची एकही उरली नाही. पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक एकाच दिवशी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाल्या. एकत्रित बँकेचे ग्राहक 37 कोटी, शाखा सुमारे 24,000 आणि एटीएम सुमारे 59,000. नांदेड-लातूरकडे निजामाच्या काळापासून रुजलेली ही ‘एसबीएच’ अशी एका रात्रीत कागदावरून गेली, तरी शेतकऱ्याचे पीककर्ज, शिक्षकाचा पगार आणि निवृत्तांची पेन्शन यांचे खाते तेच राहिले.

हे कसे जमले, याचे उत्तर तीन आकड्यांत सापडते.

पहिला आकडा 62. एसबीएचचा खाते क्रमांक 11 अंकी आणि 62 ने सुरू होणारा असे. स्टेट बँक समूहातल्या सगळ्या बँका आधीपासून एकाच प्रकारच्या कोअर बँकिंग प्रणालीवर होत्या आणि प्रत्येकीची क्रमांकमालिका वेगळी होती. त्यामुळे विलीनीकरणात दोन खातेदारांचा क्रमांक एकमेकांवर आदळण्याची वेळ आली नाही आणि पासबुकावरचा क्रमांक बदलावा लागला नाही. दुसरा आकडा 11 अक्षरांच्या आयएफएससी कोडचा. पहिली चार अक्षरे बँकेची, मग एक शून्य, शेवटची सहा शाखेची. एसबीएचच्या शाखांसाठी ‘एसबीएचवाय’च्या जागी ‘एसबीआयएन’ आले. म्हणजे दारावरची पाटी बदलली, पण घर क्रमांक राहिला. तिसरा आकडा 275. जुन्या बँकेचे धनादेश आधी 30 सप्टेंबर 2017 पर्यंत चालणार होते, ती मुदत पुढे 31 डिसेंबरपर्यंत वाढवली गेली. 1 एप्रिलपासून मोजले तर 275 दिवस, म्हणजे अस्तित्वात नसलेल्या बँकेचा धनादेश नऊ महिने वटत होता. खात्यांची माहितीही एकदम हलवली नाही. एप्रिल-मे 2017 मध्ये एकेक बँक घेऊन ते काम झाले.

यातला सगळ्यात मोलाचा आकडा मला 275 वाटतो. नवी यंत्रणा उभी करण्यावर सगळे पैसे आणि सगळी हुशारी खर्च होते. जुनी किती दिवस जिवंत ठेवायची, हा प्रश्न मात्र शेवटच्या बैठकीतल्या शेवटच्या पाच मिनिटांवर ढकलला जातो.

मराठवाड्याला हा धडा नवा नाही. तो ज्याचा भाग होता, त्या हैदराबाद संस्थानात हाली रुपया चाले, उर्वरित भारतात कलदार. दर ठरलेला होता : 7 हालीचे 6 कलदार. 1950 मध्ये भारतीय रुपया इथे अधिकृतपणे आला आणि 1951 मध्ये हाली काढणे थांबले. तरी हाली रुपया व्यवहारातून अखेर रद्द झाला तो 1959 मध्ये. आठ वर्षे नवे उत्पादन शून्य, पण जुने नाणे ग्राह्य! आज संगणकाच्या खोलीत ज्याला ‘पॅरलल रन’ म्हणतात, तो इथल्या आठवडी बाजारांनी खिशात दोन प्रकारची नाणी बाळगून पार पाडला आहे.

घाई केली तर काय होते, ते ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल 2018 मध्ये पाहिले. 52 लाख ग्राहकांची माहिती एका शनिवार-रविवारी जुन्या मालकाच्या यंत्रणेवरून नव्या यंत्रणेवर नेली गेली. माहिती पोचली, पण खिडकी उघडेना. सुमारे 19 लाख ग्राहक आपल्याच खात्याबाहेर अडकले. बँकेला 33 कोटी पौंडांचा फटका बसला, सुमारे 80,000 ग्राहक सोडून गेले आणि डिसेंबर 2022 मध्ये 4.865 कोटी पौंडांचा दंड झाला. चौकशीत निघालेले एक कारण तर अगदी साधे होते. नव्या यंत्रणेची डेटा सेंटर दोन होती आणि भार सोसण्याची चाचणी त्यातल्या एकाचीच झाली होती.

आपल्या टपाल खात्याने 2025 मध्ये उलट वाट धरली. ‘एपीटी’ ही नवी संगणक प्रणाली आधी कर्नाटकात चालवून पाहिली आणि मग मंडळामागून मंडळ घेत 4 ऑगस्टपर्यंत 1.65 लाख टपाल कार्यालयांत नेली. 4.6 लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले. बदलाच्या वेळी काउंटर बंद राहणार हे लोकांना आधी सांगितले. नंतर एकाच दिवसात 32 लाखांवर टपालवस्तूंची नोंदणी आणि 37 लाखांचे वाटप या प्रणालीने पेलले. जाहीर करून घेतलेली सुट्टी लोक समजून घेतात. रांगेत उभे राहिल्यावर ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे ऐकणाऱ्याचा दिवस आणि एसटीचे भाडे दोन्ही बुडतात.

आता हे गणित जिल्ह्याच्या पातळीवर आणू. एखादी नागरी सहकारी बँक किंवा महाविद्यालय घ्या. समजा, त्यांचा 2 टेराबाइट साठा नव्या जागी न्यायचा आहे आणि लाइन 100 एमबीपीएसची आहे. लाइन अखंड पूर्ण वेगाने चालली तरी 44 तास लागतील. शनिवारी संध्याकाळी सहा ते सोमवारी सकाळी दहा म्हणजे 40 तासच होतात. सोमवारी दार उघडेल तेव्हा काम अर्धवट असेल. म्हणून मुख्य साठा आधीच्या आठवड्यात, सेवा चालू असतानाच उतरवून घ्यायचा आणि शेवटच्या रात्री फक्त दिवसभरातले बदल न्यायचे. ते 10 गिगाबाइट धरले तर साधारण 13 मिनिटांचे काम आहे.

पत्त्याचेही तसेच. अमुक नावाचा सर्व्हर कुठे सापडेल ही माहिती इतर संगणक स्वतःजवळ साठवून ठेवतात, बऱ्याचदा 86,400 सेकंद, म्हणजे पूर्ण दिवस. ती मुदत बदलाच्या दोन-तीन दिवस आधी 300 सेकंदांवर आणली, तर नवा पत्ता पाच मिनिटांत पसरू लागतो आणि काही बिघडले तर माघारीही तितक्याच वेळात घेता येते.

‘99.9 टक्के चालू’ या आश्वासनाकडेही नीट पाहावे. त्याचा अर्थ वर्षाला 8 तास 46 मिनिटे बंद. एका दाखल्यासाठी लॉगिन, अर्जाची प्रणाली, माहितीसाठा आणि पैसे भरण्याची सोय असे चार दुवे लागत असतील आणि प्रत्येक 99.9 टक्केच चालत असेल, तर साखळी 99.6 टक्क्यांवर येते. वर्षाला 35 तास. हे 35 तास जूनमध्ये पीककर्जाच्या धांदलीत, जुलैअखेर पीकविम्याच्या मुदतीत किंवा लातूरच्या विद्यार्थ्यांना प्रवेशासाठी दाखले हवे असतात त्या आठवड्यात आले, तर टक्केवारी तीच राहते, नुकसान मात्र कितीतरी पट वाढते.

राहिला तो जुना सर्व्हर. तो बंद करण्याआधी एकच आकडा पाहायचा : त्याच्याकडे अजून किती विनंत्या येताहेत? त्याची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडली की दिसते. दिवसभर शांतता असते आणि रात्री ठरल्या वेळी कुठलासा संगणक येऊन एक फाइल उचलून नेतो. कोणीतरी कधीकाळी जुना पत्ता थेट प्रोग्राममध्ये लिहून ठेवलेला असतो. आठवडाभर शून्य दिसले म्हणून खूश होऊ नये. पगार महिन्याला होतो, व्याज तिमाहीला, ताळेबंद 31 मार्चला आणि शिष्यवृत्ती वर्षातून एकदा. कामाचे पूर्ण चक्र फिरेपर्यंत तो शून्य आकडा शून्यच राहिला पाहिजे. मग सर्व्हरची केबल काढावी, यंत्र जागेवरच ठेवावे, महिनाभर फोनकडे लक्ष द्यावे आणि त्यानंतरच ते हलवावे.

अर्थात जुने अनंतकाळ ठेवणेही धोक्याचेच. विंडोज सर्व्हर 2012 ची नियमित सुरक्षा दुरुस्ती 10 ऑक्टोबर 2023 ला थांबली, सेंटओएस 7 ची 30 जून 2024 ला. अशा यंत्रावर लोकांची आधार आणि बँकेची माहिती ठेवणे बेजबाबदारपणाचे आहे. ते यंत्र भंगारवाल्याच्या तराजूवरही जाऊ नये. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच यंत्र द्यायचे आणि त्याआधी त्यातली प्रत्येक डिस्क कायमची पुसून त्याची लेखी नोंद ठेवायची.

नांदेड-लातूरमध्ये ज्या बँका, महाविद्यालये, बाजार समित्या आणि पालिका येत्या काळात सर्व्हर बदलणार आहेत, त्यांच्या संचालकांना आणि अधिकाऱ्यांना एवढीच विनंती : खरेदीच्या निविदेतच जुनी यंत्रणा किती महिने सोबत चालवायची ते लिहा आणि त्याचे पैसे वेगळे काढा. बंद करण्याच्या फाइलवर सही मागितली गेली, की मागच्या महिन्यात जुन्या सर्व्हरवर किती विनंत्या आल्या ते विचारा. आकडा सांगता आला नाही, तर सही करू नका.