अणूची चूल : ऊब किती, चटका किती?

घरातला दिवा लागला किंवा विहिरीवरची मोटर सुरू झाली, की ती वीज कोळशाची, पाण्याची की अणूची, हे बटण दाबणाऱ्याला कळत नाही. कोयनेचे धरण आपल्याला ठाऊक असते, चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची धुराडी लांबून दिसतात. अणूची वीज मात्र बहुतेकांनी नुसती ऐकलेली असते, आणि तीही दोन टोकांची. एक म्हणतो, ही कामधेनू आहे. दुसरा म्हणतो, हा गावाशेजारी ठेवलेला बाँब आहे. दोघांचेही बोलणे अर्धवट आहे. तेव्हा ही वीज होते कशी, तिच्यात लाभ काय आणि खोट कोठे, ते आज पाहू.

चूल तीच, सरपण वेगळे

कोळशाच्या केंद्रात कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात. वाफेच्या जोराने टर्बाइनचे चक्र फिरते, त्याबरोबर जनित्र फिरते आणि वीज तयार होते. अणुकेंद्रातही हेच घडते. फरक आहे तो सरपणाचा. येथे काही जळत नाही. युरेनियम या जड धातूचे अणू फुटतात आणि त्यातून उष्णता निघते.

अणू फोडण्याचे काम न्यूट्रॉन नावाचा अतिसूक्ष्म कण करतो. तो अणूच्या गाभ्यात शिरला की गाभ्याचे दोन तुकडे होतात, उष्णता निघते आणि दोन-तीन नवे न्यूट्रॉन बाहेर पडतात. ते पुढचे अणू फोडतात. फटाक्यांच्या माळेत एकाने दुसरा पेटावा, तशी ही साखळी चालते. ती आवरण्यासाठी भट्टीत न्यूट्रॉन शोषून घेणाऱ्या कांड्या असतात. कांड्या आत सरकवल्या की साखळी मंदावते, बाहेर ओढल्या की जोर धरते.

मग अशी भट्टी बाँबसारखी उडेल का? नाही. खाणीतल्या युरेनियममध्ये सहज फुटणारा भाग, म्हणजे युरेनियम-२३५, शंभरात एकाहूनही कमी असतो. काही भट्ट्यांसाठी तो तीन-चार टक्क्यांपर्यंत वाढवतात. बाँबला तो नव्वद टक्क्यांच्या आसपास लागतो. भट्टीचा धोका आहे, पण तो निराळा आहे.

जमेची बाजू

एक किलो युरेनियम-२३५ पुरते फुटले, तर सुमारे अडीच-तीन हजार टन कोळशाइतकी उष्णता मिळते. दहा टनी ट्रक धरले तर अडीचशे-तीनशे ट्रक कोळसा! धूर नाही आणि राखेचे डोंगर नाहीत. औष्णिक केंद्राच्या राखेशेजारी ज्यांचे शेत आहे, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. शिवाय ऊन नसले, वारा पडला, तरी ही भट्टी रात्रंदिवस चालू शकते.

आपल्या देशातली अशी पहिली वीज महाराष्ट्रातच झाली. आजच्या पालघर जिल्ह्यातील तारापूरला १९६९ साली दोन अणुसंच सुरू झाले. पुढे २००५ आणि २००६ मध्ये तेथेच ५४० मेगावॅटचे आणखी दोन संच आले. असे असूनही देशाच्या एकूण विजेत अणूचा वाटा शंभरात तीन युनिटांच्या आसपासच आहे. तो वाढवून २०४७ पर्यंत एक लाख मेगावॅट क्षमता उभारायची, असे उद्दिष्ट केंद्र सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर केले. त्या वर्षी क्षमता नऊ हजार मेगावॅटही नव्हती. म्हणजे नव्या केंद्रांसाठी कोठे ना कोठे गावांच्या जमिनी लागणार. म्हणून हा विषय आपल्या उंबऱ्याबाहेरचा नाही.

नावे बाजू

चूल विझवली तरी निखारे धगधगत राहतात. अणुभट्टीचेही तसेच आहे. साखळी थांबली तरी आतील इंधन बराच काळ तापत राहते आणि त्याला सतत पाण्याने निववावे लागते. ११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये भूकंप झाला, तेव्हा फुकुशिमाच्या चालू भट्ट्या आपोआप बंद पडल्या होत्या. पण मागून आलेल्या त्सुनामीच्या लाटांनी पंपांची वीज गेली आणि तीन भट्ट्यांतील इंधन वितळले. दीड लाखाच्या आसपास लोकांना घरदार सोडावे लागले.

त्याआधी २६ एप्रिल १९८६ रोजी तेव्हाच्या सोव्हिएत संघातील चेर्नोबिल येथे भट्टी फुटली. वाऱ्याबरोबर किरणोत्सर्गी आयोडीन दूरवरच्या कुरणांवर पडले. गवत गाईने खाल्ले, दूध मुलांनी प्याले, आणि पुढे हजारो मुलांना गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग झाला. हे आयोडीन आठ दिवसांत निम्मे होते. वेळीच दूध थांबवून आयोडीनच्या गोळ्या दिल्या असत्या, तर पुष्कळ मुले वाचली असती. पण लोकांना धोका वेळेवर सांगितलाच गेला नाही. अपघाताइतकेच नुकसान लपवालपवीने केले.

दुसरी खोट कचऱ्याची. वापरलेल्या इंधनात प्लुटोनियम असते आणि ते निम्मे व्हायला २४ हजार वर्षे लागतात. ज्ञानेश्वरीला अजून साडेसातशे वर्षेही झाली नाहीत, यावरून अंदाज करावा! आपल्याकडे वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढतात आणि उरलेला जहाल कचरा काचेत गोठवून पहाऱ्यात ठेवतात. पण तो कायमचा पुरण्याची जागा अजून देशात झालेली नाही.

तिसरी खोट पैशाची आणि वेळेची. तमिळनाडूतील कुडनकुलमचे काम २००२ मध्ये सुरू झाले. पहिल्या संचाची व्यापारी वीज मिळायला २०१४ चा डिसेंबर उजाडला.

आणि चौथी गोष्ट जमिनीची. तारापूरच्या नव्या संचांसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली. रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूर प्रकल्पासाठी माडबन परिसरात जमिनी घेतल्या गेल्या, तेव्हा शेतकऱ्यांनी आणि मच्छीमारांनी मोठा विरोध केला. भट्टी निववून समुद्रात परतणारे कोमट पाणी मासळीला मानवेल का, हा मच्छीमारांचा प्रश्न होता. एप्रिल २०११ मध्ये साखरी नाटे येथे आंदोलनात गोळीबार होऊन एक जण मृत्युमुखी पडला.

आपण काय विचारावे?

हिशेब मांडला तर अणूची वीज नाकारण्याजोगी नाही आणि डोळे मिटून घेण्याजोगीही नाही. तिचा लाभ तारांतून सगळ्या राज्याला वाटला जातो. जोखीम मात्र शेजारच्या पाच-पंचवीस गावांच्या पदरी पडते. म्हणून पहिले बोलणे त्या गावांशी व्हायला हवे.

उद्या आपल्या तालुक्यात असा प्रकल्प आला, तर अफवेवर जाऊ नका आणि गुळगुळीत माहितीपत्रकावरही विसंबू नका. ग्रामसभेत उभे राहून सरळ विचारा : जमिनीच्या बदल्यात जमीन की नुसता पैसा? निववण्याचे पाणी कोठून आणणार आणि कोठे सोडणार? कचरा किती वर्षे येथे राहणार? हवा, पाणी, दूध आणि मासळी यांची तपासणी कोण करणार, आणि तिचे आकडे गावच्या फळ्यावर लागतील का? भोंगा वाजला तर म्हाताऱ्याकोताऱ्यांना, लेकराबाळांना आणि गुराढोरांना कोणत्या रस्त्याने बाहेर काढणार? त्याची रंगीत तालीम कधी होणार?

या प्रश्नांची उत्तरे लेखी मागून घ्या. होकार असो वा नकार, तो समजून-उमजून दिलेला असला पाहिजे.