जुन्या इमारतींचे सांधे व त्यांचीं द्रव्यें

जुन्या इमारतींचा विचार करितांना शिलालेख व शिल्प यांकडे संशोधकांचें लक्ष तत्काळ जातें; दोन दगडांमध्यें काय भरलें आहे, हें मात्र क्वचितच पाहिलें जातें. वास्तविक तोही पुरावाच असून दप्तरांतील कागदांशीं ताडून पाहण्याजोगा आहे. म्हणून सांधणीच्या द्रव्यांचे प्रकार व उपयोग येथें थोडक्यांत सांगतों.

प्रथम ग्रंथाधार पाहूं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत (इ. स. चें ६ वें शतक) वज्रलेपाचें स्वतंत्र प्रकरण आहे. कच्चीं टेंभुर्णीचीं फळें, कच्चीं कवठें, सांवरीचीं फुलें, साळईचें बीं, धामणीची साल व वेखंड हीं पाण्यांत उकळून अष्टमांश काढा उरवावा. त्यांत गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेल इत्यादि मिसळून तो ऊन असतांनाच देवालयें, मूर्ति, भिंती व विहिरी यांस लावावा, असा त्याचा सारांश आहे. तेथेंच आठ भाग शिसें, दोन भाग कांसें व एक भाग पितळ यांचा ‘वज्रसंघात’ मयाच्या नांवें सांगितला आहे. इ. स. १६६४ मध्यें आरंभिलेल्या सिंधुदुर्गाच्या पायांत शिसें ओतल्याची हकीकत परंपरेनें आली आहे. ती वाचतांना हा योग आठवतो खरा. पण तेवढ्यावरून एकाचा दुसऱ्याशीं संबंध सिद्ध झाला, असें मानूं नये.

प्रत्यक्ष कामांत मुख्य भिस्त चुन्यावर असे. चुनखडी किंवा, कोंकण-गोमांतकाच्या किनाऱ्यावर, शिंपले भट्टींत भाजून कळीचा चुना काढीत. तो पाण्यांत विरवून मुरूं देत, व वाळू घालून बैलांच्या घाणींत मळीत. अशी घाणी तिकोना किल्ल्यावर पाहावयास मिळते. हवेंतील कर्बाम्ल वायु शोषून हा चुना पुन्हां चुनखडीचें रूप घेतो. जेथें हवा पोंचत नाहीं अशा ओल्या जागीं नुसता चुना घट्ट होत नाहीं. म्हणून हौद, टांकीं व पाया यांसाठीं त्यांत भाजक्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, घालीत. चुना व सुरखी यांचा संयोग पाण्यांतही कठीण होतो. गुळाच्या पाण्यांत चुना अधिक विरघळतो. उडदाचा व बेलफळाचा चिकटा मिश्रणास लवचिकपणा आणितो. हिरड्याचा काढाही घालीत. तागाचे तंतु गिलाव्यास तडे जाऊं देत नाहींत. उलट अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या तटांत मोठे चिरे चुन्यावांचूनच रचलेले आहेत. लाटेचें पाणी फटींत शिरून तिचा जोर ओसरतो. सांधा न भरणें हीही एक योजनाच होय.

आतां कागदपत्रांच्या संग्राहकांस एक विनंती. एखाद्या हिशेबाच्या फर्दांत गूळ, उडीद, हिरडे व ताग हे जिन्नस आढळले, तर तो मुदपाकाचा किंवा औषधाचा खर्च समजून बाजूस टाकूं नये. शेजारीं चुना, विटा, गवंडी, बैल यांचीं नांवें आहेत काय, तें पाहावें. असल्यास तो बांधकामाचा हिशेब असण्याचा संभव मोठा. आणि त्यांतील वजनांवरून त्या इमारतीच्या चुन्याचें प्रमाणही काढतां येईल.

ही केवळ जिज्ञासा नव्हे. जोसेफ अॅस्पडिन यानें इ. स. १८२४ मध्यें पोर्टलंड सिमेंटचें पेटंट घेतलें. पुढें तें सर्वत्र पसरलें आणि जुन्या भिंतींच्या दरजांतही भरलें गेलें. चुन्याचा सांधा भिंतींतील ओल बाहेर सोडतो. सिमेंटचा कठीण सांधा ती कोंडतो. मग ती ओल विटेंतून व जांभ्यांतून वाट काढते, क्षार पृष्ठभागीं आणते, व शेवटीं सांधा राहून दगडच झडूं लागतो. इ. स. २०२५ च्या जुलैमध्यें शिवकालाशीं व मराठ्यांशीं निगडित बारा किल्ल्यांस जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली आहे. त्यांची डागडुजी करणारांस मूळ द्रव्य कोणतें हें सांगणारा कागद कदाचित् आपणांपैकीं कोणाच्या रुमालांत पडून असेल. तो उजेडांत आणणें हें आपलें कर्तव्य आहे.