कॅराव्हॅनच्या काचांचे उष्णतारोधन

कॅराव्हॅनच्या काचांचे उष्णतारोधन म्हणजे राहण्याची सोय असलेल्या मोटारगाडीच्या काचांमधून आत येणारी सूर्याची उष्णता कमी करण्याचे उपाय होत. त्यासाठी रंगीत काच, उष्णता परावर्तित करणारी काच, काचेवर चिकटवायची फिल्म व पडदे वापरले जातात. अशा गाडीची समोरची काच मोटारीच्या मानाने मोठी व उभट असते. शिवाय आतील मोकळी जागाही जास्त असल्याने ती थंड राखण्यास वातानुकूलन यंत्रणेला अधिक शक्ती लागते. भारतात वाहनांच्या काचांच्या पारदर्शकतेवर कायद्याची मर्यादा आहे. त्यामुळे या विषयात उष्णता, दृश्यमानता आणि कायदा या तिन्ही बाजूंचा विचार करावा लागतो.

उष्णता आत येण्याची प्रक्रिया

जमिनीवर पोहोचणाऱ्या सौरऊर्जेपैकी सुमारे निम्मी ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपात असते. उरलेल्यापैकी बहुतांश दृश्य प्रकाश असून अतिनील किरणांचा वाटा थोडा असतो. निरभ्र आकाशात दुपारी सूर्यकिरणांना काटकोनात असलेल्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला सुमारे १,००० वॅट ऊर्जा पडते. साधी काच यातील बराचसा भाग आत जाऊ देतो. तो शोषून आसने, डॅशबोर्ड व लाकडी फर्निचर तापतात आणि स्वतः दीर्घ तरंगलांबीचे अवरक्त किरण उत्सर्जित करतात. या किरणांना काच अपारदर्शक असते. त्यामुळे उष्णता आत अडकते आणि बंद गाडीतील तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच वर जाते.

काळी काच म्हणजे थंड गाडी, हा समज अपुरा आहे. काळा रंग मुख्यतः दृश्य प्रकाश अडवतो, तर उष्णतेचा मोठा वाटा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून येतो. अवरक्त किरण अडवणारी जवळजवळ रंगहीन फिल्म साध्या गडद फिल्मइतकी किंवा तिच्याहून अधिक परिणामकारक ठरू शकते.

फिल्मचे प्रकार

फिल्म सामान्यतः पॉलिएस्टरच्या पातळ थरांची असते. रंगयुक्त फिल्म स्वस्त असते. ती प्रकाश शोषून घेते आणि काही वर्षांत फिकी पडते. धातुयुक्त फिल्म किरण परावर्तित करते, परंतु मोबाइल, जीपीएस व फास्टॅगच्या रेडिओ लहरींत अडथळा आणू शकते. सिरॅमिक फिल्ममध्ये अवरक्त किरण अडवणारे सूक्ष्म कण असतात. ती महाग असली तरी पारदर्शकता टिकवते आणि लहरींना अडवत नाही.

शोषण व परावर्तन यांतील फरक प्रवासात जाणवतो. शोषण करणारी फिल्म काचेलाच तापवते. गाडी धावत असताना वाऱ्याच्या झोतामुळे त्या उष्णतेचा मोठा भाग बाहेर निघून जातो. गाडी उभी राहिली की हा लाभ घटतो आणि तापलेली काच आतल्या बाजूसही उष्णता सोडते. परावर्तन करणारा थर दोन्ही स्थितींत उपयोगी पडतो.

मोजमाप

काचेतून किती टक्के दृश्य प्रकाश आत येतो, त्याला दृश्य प्रकाश पारगमन म्हणतात. कायद्याची मर्यादा याच मापावर ठरते. उष्णतेसाठी मात्र अडवलेल्या एकूण सौरऊर्जेचे प्रमाण पाहावे लागते. केवळ अवरक्त किरणांबाबतचा आकडा दिशाभूल करू शकतो, कारण तो अनेकदा ठरावीक तरंगलांबीपुरता असतो.

काच व फिल्म यांच्या पारगमनाचा ढोबळ हिशोब गुणाकाराने होतो. कारखान्यातून आलेल्या हिरवट काचेचे पारगमन ७८ टक्के आणि फिल्मचे ८८ टक्के असेल, तर दोहोंतून मिळून सुमारे ६९ टक्के प्रकाश आत येतो. फिल्म जवळजवळ पारदर्शक दिसत असूनही समोरची काच ७० टक्क्यांच्या मर्यादेखाली जाते.

कायदेशीर तरतुदी

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार समोरच्या व मागच्या काचेचे दृश्य प्रकाश पारगमन किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांचे किमान ५० टक्के असावे लागते. हा नियम सर्व मोटार वाहनांना लागू असल्याने कॅराव्हॅनही त्यात येते.

अविषेक गोएंका विरुद्ध भारत सरकार या जनहित याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी निर्णय दिला. त्यानुसार ४ मे २०१२ पासून वाहनांच्या काचांवर कोणत्याही पारगमनाची काळी फिल्म किंवा अन्य साहित्य लावण्यास मनाई झाली. नियमाच्या मर्यादेत बसणारी, कारखान्यातच रंगीत बनलेली काच मात्र वैध राहिली. काळ्या काचांआड होणारे गुन्हे व रस्त्यावरील सुरक्षितता हे मुद्दे न्यायालयापुढे होते.

नियम १०० मधील दुरुस्ती १ एप्रिल २०२१ पासून लागू झाली आणि सुरक्षा काचेबरोबर ‘सेफ्टी ग्लेझिंग’ ही संज्ञा नियमात आली. आतील बाजूस प्लॅस्टिकचा थर असलेली काच या संज्ञेत येते. या आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ७० व ५० टक्क्यांची मर्यादा पाळणाऱ्या फिल्मला मुभा असल्याचा निर्णय दिला. हा निर्णय महाराष्ट्रातील न्यायालयांवर बंधनकारक नाही. त्यामुळे महाराष्ट्रात बाहेरून फिल्म लावून घेणाऱ्या वाहनमालकावर कारवाईची जोखीम राहते. कारखान्यात बसवलेली प्रमाणित काच हा अधिक सुरक्षित पर्याय ठरतो.

नागाव परिसर

रायगड जिल्ह्यातील नागाव हे अलिबागच्या दक्षिणेस सुमारे ९ किमीवर असलेले किनाऱ्यावरील गाव आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले. भाऊचा धक्का ते मांडवा ही वाहने नेणारी रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाल्याने मुंबईची वाहने समुद्रमार्गेही या किनाऱ्यावर येतात.

कोणत्या काचेवर ऊन पडते, हे रस्त्याच्या दिशेवर व ऋतूवर अवलंबून असते. वडखळहून अलिबागकडे येणारा रस्ता ढोबळमानाने पश्चिमेकडे जातो, म्हणून दुपारनंतर ऊन थेट समोरच्या काचेवर येते. अलिबागहून दक्षिणेकडे नागावला जाताना तेच ऊन उजव्या, म्हणजे चालकाच्या बाजूच्या काचेवर पडते.

नागावचे अक्षांश सुमारे १८.६ अंश उत्तर आहे. मेच्या मध्यास येथे मध्यान्ही सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. त्या वेळी उभ्या काचांवर थेट ऊन कमी पडते आणि छतच सर्वाधिक तापते. काचेवरील उपायाचा उपयोग तेव्हा मर्यादित असून छताचे उष्णतारोधन अधिक महत्त्वाचे ठरते. डिसेंबरच्या उत्तरार्धात मात्र मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेस सुमारे ४८ अंशांवर असतो. मांडव्याहून दक्षिणेकडे येणाऱ्या गाडीच्या समोरच्या काचेतून त्या वेळी बरेच ऊन आत येते.

नागाव, चौल व रेवदंडा परिसरातील रस्ते नारळ-सुपारीच्या वाड्यांमधून जातात. प्रखर उन्हातून एकदम दाट सावलीत शिरताना डोळ्यांना जुळवून घेण्यास वेळ लागतो. गडद काचेमुळे अशा वेळी पादचारी, सायकलस्वार व गुरे उशिरा दिसतात. पावसाळ्यात व संध्याकाळनंतर हा धोका वाढतो.

मर्यादा व पर्याय

काही कॅराव्हॅनच्या निवासी भागात ॲक्रिलिकच्या दुहेरी खिडक्या असतात. त्यांवर फिल्म चिकटवल्यास फुगे येणे, पृष्ठभाग वाकणे किंवा तडे जाणे संभवते. किनाऱ्यावरील खारट व दमट हवेत धातुयुक्त फिल्मच्या कडा गंजू शकतात.

मुक्कामाच्या ठिकाणी काचेच्या बाहेरून लावलेले परावर्तक आच्छादन आतल्या पडद्यापेक्षा अधिक परिणामकारक असते, कारण ते किरण काचेतून आत शिरण्यापूर्वीच अडवते. गाडी सुरू करण्यापूर्वी ते काढणे आवश्यक असते. याखेरीज गाडी सावलीत उभी करणे, निघण्यापूर्वी दारे-खिडक्या उघडून तापलेली हवा बाहेर जाऊ देणे आणि छतावर पांढरा रंग देणे या उपायांनी काचेची पारदर्शकता कमी न करता आतील उष्णता घटते.