राजकोटचे दोन पुतळे आणि शिवराजेश्वर

४ डिसेंबर २०२३. नौदल दिनाचं निमित्त, मालवणचा राजकोट किल्ला, आणि पंतप्रधानांच्या हस्ते शिवरायांच्या सुमारे ३५ फुटी पुतळ्याचं अनावरण. २६ ऑगस्ट २०२४ च्या दुपारी तो कोसळला. नऊ महिनेही पुरे झाले नव्हते. आधी दोष वाऱ्यावर गेला. चौकशी समितीने मात्र गंजलेलं लोखंड, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंगवर बोट ठेवलं. खारं वारं लोखंडाला खातं, हे या किनाऱ्यावर होडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून तर होड्या दरवर्षी वर ओढून त्यांची डागडुजी होते. हे शहाणपण पुतळ्याच्या वाट्याला आलं नाही, याचं दुःख अजून जात नाही.

११ मे २०२५ ला त्याच जागी नवा पुतळा उभा राहिला. शिल्पकार राम सुतार. ब्राँझची आकृती ६० फूट, वर उगारलेली तलवार वेगळी. बांधणी भक्कम झाली, वाऱ्याचा अभ्यास झाला, हे समाधानाचंच. पण पडलेल्या पुतळ्याला आपलं उत्तर ‘आणखी उंच’ हेच होतं. १९२८ साली पुण्यात शिल्पकार करमरकरांनी घडवलेला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा भारतीय शिल्पकलेला अभिमान वाटावा असा; पण त्याची मोठाई फुटांत मोजावी लागत नाही. घोड्याच्या आणि स्वाराच्या अंगातली गती पाहिली की पुरे.

आणि राजकोटसमोरच, पाण्यापलीकडे, १६६४ मध्ये पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग आहे. राजाराम महाराजांनी तिथे १६९५ मध्ये शिवराजेश्वराचं, म्हणजे शिवरायांचंच, मंदिर बांधवून घेतलं. आतली मूर्ती बैठी, बिनदाढीची. दर्यावर्दी माणसाच्या वेशातली, असं इथले लोक सांगतात. तलवार उगारलेली नाही, घोडा नाही. वीरपुरुषाकडे वेगळ्या नजरेने पाहणारं शिल्प या किनाऱ्याला सव्वातीनशे वर्षांपूर्वीच सुचलं होतं. तिथे राजाला मान वर करून पाहावं लागत नाही. समोर बसून पाहता येतं. जवळच चुन्यात उमटलेले हातापायाचे ठसे शिवरायांचे मानून जपले जातात, तेही माणसाच्याच मापाचे.

राजकोटावर यापुढे काही घडवायचंच असेल, तर मला तिथे गलबतं बांधणारे सुतार, शिडं सांभाळणारे भंडारी आणि कोळी हवेत. चौथऱ्यावर नकोत, जमिनीवर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून. शिवरायांचं आरमार त्यांच्याही हातांनी उभं राहिलं होतं.