डबेवालीचा पैसा अडकतो कुठे?

मागच्या वेळी आपण गटातल्या अंतर्गत कर्जाविषयी बोललो, तेव्हा दोन गटांतून एकच प्रश्न आला. "धंदा बरा चालतो, गिऱ्हाईक आहे, मग हातात पैसा का राहत नाही?" विचारणाऱ्या दोघीही जेवणाचे डबे देणाऱ्या. एक रत्नागिरीला मिरकरवाडा बंदरावर खलाशांना डबे पोचवते, दुसरी बांधकामावरच्या मजुरांना. हाच प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी मुंबईच्या खानावळवाल्यांना पडला होता. म्हणून आज त्यांची गोष्ट.

मुंबई बंदराचं गाव. तिथून कापूस परदेशी जायचा, मग 1850 नंतर तिथेच गिरण्या निघाल्या. आपल्या कोकणातले गडी बोटीनं भाऊच्या धक्क्यावर उतरायचे आणि गिरणीत लागायचे. बायकापोरं गावाला, आणि परळ-लालबागला एकेका खोलीत दहा-बारा जण. त्यांना जेवू घालायची खानावळवाली. पहाटे उठायचं, पाळीप्रमाणे जेवण तयार ठेवायचं, रात्रपाळीवाल्याचं वेगळं.

आता अडचण बघा. कामगाराचा पगार महिन्यातून एकदा, म्हणजे खानावळीचे पैसेही महिन्यातून एकदा. पण तांदूळ, तेल, रॉकेल रोज लागणार. मधल्या तीस दिवसांचा खर्च खानावळवालीच्या अंगावर. तिच्याकडे पैसा नाही, म्हणून वाण्याकडे उधारी, नाहीतर सावकार. कितीही राबली तरी महिनाअखेरीला आलेला पैसा उधारीत जायचा. धंद्यात रोज फिरवायला लागणाऱ्या या पैशाला खेळतं भांडवल म्हणतात. तो तिच्याकडे नव्हता, एवढंच तिचं दुखणं.

प्रेमाताई पुरव यांनी हे हेरलं. त्या मूळच्या गोव्याच्या, मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या, नंतर मुंबईच्या कामगार चळवळीत आलेल्या. 1969 साली 14 मोठ्या बँका सरकारी झाल्या होत्या आणि 1972 पासून गरिबांना चार टक्के व्याजानं कर्ज द्यायची योजनाही होती. पण खानावळवालीकडे तारण काय? खोलीसुद्धा नवऱ्याच्या नावावर. तेव्हा बायकांनी गट केला आणि एकमेकींची हमी घेतली. 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. सुरुवात 14 जणींची होती. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या तिच्या दारात जाणार, हे बँकेला तारणाहून पक्कं वाटलं. आज आपण गटाला कर्ज म्हणतो, ते हेच.

आता आपला हिशेब करू. समजा, तांदूळ रोखीनं 50 रुपये किलो आणि महिन्याच्या उधारीवर 52. दोन रुपयेच ना, असं आपण म्हणतो. पण 50 रुपये महिनाभर वापरायला दोन रुपये, म्हणजे महिन्याला शेकडा चार, वर्षाला शेकडा अठ्ठेचाळीस! गटाचं कर्ज महिन्याला शेकडा दोननं घेताना आपण दहादा विचार करतो, आणि हे व्याज वहीत दिसतच नाही म्हणून मुकाट भरतो.

यात दुकानदाराला नावं ठेवायला नकोत. त्याचाही माल उधारीचा असतो, त्याचाही पैसा अडकतो. टाळेबंदीत आपल्या कित्येकींच्या घरी चूल पेटली ती गावच्या दुकानदाराच्या वहीवर. म्हणून चार पैसे हातात आले की त्याला सोडून शहरातल्या मोठ्या दुकानात जायचं, हे आम्हाला पटत नाही. आमच्या गटानं केलं ते असं. डबेवाल्या ताईला गटातून कर्ज दिलं, तिची जुनी उधारी फेडली आणि त्याच दुकानदाराला विचारलं, "चौघींचा माल एकदम, रोखीनं घेतला तर काय भाव द्याल?" त्यानं भाव उतरवला आणि पोती घरपोच दिली. त्यालाही रोख पैसा हवाच होता.

दुसरी बाजू वसुलीची. त्या ताईचं एकदा मोठं नुकसान झालं. हंगाम संपला, खलाशी आपापल्या मुलखात गेले आणि शेवटच्या महिन्याचे डबे बुडाले. ती रडली, आम्हीही तिला बोललो, आणि बोललो ते चुकलंच. वेळेवर हिशेब बघायचं काम गटाचंही होतं. आता ती खलाशांकडे वैयक्तिक खातं ठेवत नाही. तांडेलाशी बोलून दर आठ दिवसांनी होडीचा एकत्र हिशेब घेते. महिन्याऐवजी आठवड्याला पैसे आले की कर्जही पूर्वीच्या पाव हिश्श्याएवढंच लागतं.

आणखी एक. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो कधी रीतसर मिटलाच नाही. अडीच लाख कामगार घरी बसले, हजारो गावाला परतले. खानावळवालीचं गिऱ्हाईकच गेलं. केवळ गिरणी कामगारांवर अवलंबून असलेल्यांचे फार हाल झाले. अन्नपूर्णा मंडळानं पुढे बाहेरची केटरिंगची कामं घेतली, म्हणून बायकांच्या हाताला काम राहिलं. आपल्याकडे जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. ते दोन महिने बंदरावरचा डबा बंद. त्या काळात एसटी स्टँडजवळची ऑफिसं, कॉलेजची मुलं, लग्नकार्यं यांतलं काय धरता येईल, ते मेपूर्वी ठरवायला हवं.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं दुकानाची उधारीची वही आणायची आहे. रोखीचा भाव दुकानदाराला विचारून शेजारच्या रकान्यात लिहून आणा. बेरीज आपण सगळ्या मिळून करू.