घरातल्या पुस्तकांची नोंद: सॉफ्टवेअर नंतर, दाखल क्रमांक आधी



सिनॉप्सिसच्या सादरीकरणात माझी एक स्लाइड होती. रब्बी ज्वारीच्या एका स्थानिक वाणाचं नाव छापील स्वरूपात १९५८ मध्ये पहिल्यांदा आलं, असं मी त्यावर ठोकून दिलं होतं. आधार होता आजोबांच्या कपाटातल्या शेतीविषयक पुस्तिकेचा. सरांनी एकच प्रश्न विचारला, "कोणती आवृत्ती?"

मला उत्तर देता आलं नाही. पुस्तिका लहानपणापासून पाहिलेली, पहिल्या पानावरचं १९५८ डोळ्यांसमोर होतं, पण आवृत्ती कधी बघितलीच नव्हती. त्या रविवारी परभणीहून गावी गेलो, कपाट उघडलं, तर पुस्तिका सापडेना. आजी म्हणाली, "पावसात भिजलेली पुस्तकं माळ्यावर टाकलीत, बघ तिथं. राहिली असतील तर असतील." म्हणजे काही रद्दीतही गेली असणार. कोणती गेली ते सांगणार कोण? यादीच नव्हती.

तिथून माझं घरातली पुस्तकं नोंदवण्याचं काम सुरू झालं. हा लेख त्याबद्दल आहे. पीएच.डी.ला नाव नोंदवण्याच्या तयारीत असलेल्यांनी तो वाचावा असं वाटतं, कारण स्वतःच्या पुस्तकांची सूची हा आपण तयार केलेला पहिला डेटासेट असतो. त्यात ज्या चुका होतात, त्याच पुढे प्रबंधात होतात.

जनुकपेढीकडून शिकण्यासारखं

मी वनस्पती पैदासशास्त्राचा विद्यार्थी. आमच्याकडे बियाण्याचा नमुना जनुकपेढीत आला की आधी त्याला दाखल क्रमांक मिळतो. पाटनचेरूला इक्रिसॅटच्या जनुकपेढीत ज्वारीच्या नमुन्यांना 'आयएस'ने सुरू होणारे क्रमांक असतात. नमुन्याचं नाव मालदांडी आहे की गूळभेंडी, यावर वाद होऊ शकतो. क्रमांकावर होत नाही. एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्या नमुन्याला कधीच देत नाहीत, पहिला नमुना नष्ट झाला तरीसुद्धा.

ग्रंथालयातही अगदी हेच चालतं. पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत क्रमांक पडतो, मग बाकीचं. शब्दही तोच, दाखल क्रमांक.

जनुकपेढीत त्यासोबत 'पासपोर्ट डेटा' असतो: नमुना कुठून आणला, कधी, कोणी. पुस्तकाचाही पासपोर्ट असतो. कोणी विकत घेतलं, कधी, कोणाकडून भेट आलं, समासात कोणाच्या हातच्या नोंदी आहेत. ही माहिती जगातल्या कुठल्याही ऑनलाइन सूचीत मिळणार नाही. ती फक्त तुमच्या घरातल्या प्रतीत असते.

म्हणून पहिला नियम: पुस्तक वेगळं आणि प्रत वेगळी. शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष आणि आवृत्ती ही पुस्तकाची माहिती. दाखल क्रमांक, कुठे ठेवलंय, अवस्था काय आणि कोणी नेलंय ही प्रतीची. दोन्ही एकाच रकान्यात कोंबू नका.

किती रकाने ठेवायचे?

सुरुवातीला मी अठरा रकाने केले. तिसाव्या पुस्तकाला कंटाळा आला आणि काम महिनाभर बंद पडलं. मग आठवर आलो: दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष, आवृत्ती, जागा, शेरा. बाकी सगळं शेऱ्यात.

रकाना ठेवायचा की नाही, याची कसोटी सोपी आहे. त्यावरून मी कधी शोध घेणार आहे का? डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातल्या चौथ्याचा आशय वाचकाचा वेळ वाचवा असा आहे. घरच्या संग्रहात वाचकही आपण आणि ग्रंथपालही आपणच, त्यामुळे दोघांचाही वेळ वाचला पाहिजे.

जागेसाठी साधी खूण वापरा. क-२-३ म्हणजे 'क' कपाट, वरून दुसरा कप्पा, डावीकडून तिसरा गठ्ठा. घरच्या चार-पाचशे पुस्तकांना ड्यूईचं दशांश वर्गीकरण लावत बसायची गरज नाही.

आयएसबीएन कुठे कामाला येतो?

मागच्या कव्हरवर आयएसबीएन असेल तर अर्धं काम झालं. हा क्रमांक आता तेरा अंकी असतो, १ जानेवारी २००७ च्या आधी तो दहा अंकी असायचा. सुरुवातीला ९७८ किंवा ९७९ येतं. ९७८ नंतर ८१ किंवा ९३ असेल तर क्रमांक भारताच्या गटातला.

शेवटचा अंक तपासणीचा असतो. नेहमी उदाहरणादाखल दिला जाणारा ९७८-०-३०६-४०६१५-७ हा क्रमांक घ्या. पहिल्या बारा अंकांना आलटून पालटून १ आणि ३ ने गुणा आणि बेरीज करा. ९+२१+८+०+३+०+६+१२+०+१८+१+१५ = ९३. पुढची दहाची पट १००, फरक ७. तोच शेवटचा अंक. टाइप करताना कुठलाही एक अंक चुकला तरी हा हिशेब जुळत नाही. डेटा भरतानाच चूक पकडायची, विश्लेषणापर्यंत थांबायचं नाही, हे तत्त्व तुमच्या प्रयोगाच्या नोंदवहीलाही लागू आहे.

आता अडचण. आयएसबीएन ही व्यवस्था १९७० च्या सुमाराला आली. आजोबांच्या कपाटातली बहुतेक पुस्तकं त्याच्या आधीची, आणि नंतरच्याही कितीतरी लहान प्रकाशनांवर क्रमांक नसतो. मराठी संग्रहाचा मोठा भाग हातानेच भरावा लागतो. सॉफ्टवेअर स्कॅन करून सगळं आपोआप भरेल या आशेवर बसाल तर फसाल.

मराठी पुस्तकांच्या चार खाचखळग्या

एक, शके. जुन्या पुस्तकावर वर्ष शके दिलेलं असतं. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण शक वर्ष चैत्रात सुरू होतं. त्यामुळे जानेवारी ते मार्चच्या सुमाराचं पुस्तक असेल तर ७९ मिळवावे लागतात. महिना माहीत नसेल तर दोन्ही वर्षं लिहा. शके १८७७ म्हणजे १९५५-५६. आणि छापलेलं 'शके १८७७' शेऱ्यात जसंच्या तसं ठेवा.

दोन, शुद्धलेखन. १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या मुखपृष्ठांवर 'कसें', 'शेतीचें' असं असतं. शीर्षक छापलंय तसंच लिहा आणि शेऱ्यात आजचं रूप द्या. नाहीतर 'शेतीचे' शोधाल आणि 'शेतीचें' हातातून निसटेल.

तीन, लेखकाचं नाव. 'पु. ल. देशपांडे', 'पु.ल. देशपांडे', 'देशपांडे, पु. ल.' ही संगणकाच्या लेखी तीन माणसं. एक पद्धत ठरवा. मी आडनाव आधी, मग आद्याक्षरं आणि प्रत्येक टिंबानंतर जागा अशी लिहितो.

चार, युनिकोड. 'दुसऱ्या'मधला अर्धा ऱ दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण आत कोड वेगळे असतात, आणि एकाचा शोध घेतला की दुसरा सापडेलच असं नाही. एकच कीबोर्ड वापरा. आणि जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये यादी चुकूनही करू नका. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती निव्वळ अक्षरांची खिचडी दिसते.

मग सॉफ्टवेअर कोणतं?

*स्प्रेडशीट.* शंभर-दोनशे पुस्तकांना पुरते. इथूनच सुरुवात करा. फक्त सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट डबल-क्लिक केली तर देवनागरी बिघडलेली दिसू शकते. डेटा मेनूतून आयात करा आणि यूटीएफ-८ निवडा.

*झोटेरो.* संशोधन करणाऱ्यांसाठी माझी शिफारस हीच. २००६ पासून आहे, मोफत आणि मुक्त स्रोत आहे. आयएसबीएन टाकला की उपलब्ध असेल तर माहिती आपोआप येते, 'कॉल नंबर'च्या रकान्यात आपला दाखल क्रमांक बसतो, दुहेरी नोंदी वेगळ्या दाखवल्या जातात. मुख्य फायदा म्हणजे पुढे प्रबंधात संदर्भ इथूनच जातात. दोन उणिवा लक्षात ठेवा. सीएसव्ही थेट आत घेता येत नाही, ती आधी आरआयएस किंवा बिबटेक्समध्ये बदलावी लागते. आणि पुस्तक उसनं दिल्याची वेगळी सोय नाही. त्यासाठी मी 'बाहेर' असा टॅग लावतो आणि कोणाकडे गेलं ते टिपणात लिहितो.

*लायब्ररीथिंग.* २००५ पासूनचं संकेतस्थळ, खास वैयक्तिक संग्रहांसाठीच. मोबाइलवर बारकोड स्कॅन होतो. इंग्रजी पुस्तकं जास्त असतील तर सोयीचं.

*कोहा, ई-ग्रंथालय.* ही खऱ्या ग्रंथालयांची साधनं आहेत. कोहा न्यूझीलंडमध्ये तयार झालं, ई-ग्रंथालय आपल्या एनआयसीचं. गावचं वाचनालय चालवत असाल तर जरूर बघा. घरच्या कपाटासाठी म्हणजे शेळी बांधायला साखळदंड.

यातलं काहीही निवडा, पण आधी एक गोष्ट तपासा: सगळ्या नोंदी एका साध्या फाइलमध्ये बाहेर काढता येतात का? येत नसतील तर ते सॉफ्टवेअर कितीही देखणं असो, वापरू नका. दर महिन्याला एक फाइल बाहेर काढून वेगळ्या जागी ठेवा.

हे सगळं संगणकाशिवायही झालंय

शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' विद्यापीठाच्या ग्रंथालयात मिळाली तर जरूर हातात घेऊन बघा. १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांच्या नोंदी असलेला पहिला खंड १९४३ मध्ये आला, १९३८ ते १९५० चा दुसरा खंड १९६१ मध्ये. संगणक नाही, आयएसबीएन नाही, शोधायला कळ नाही. तरी आजही जुन्या मराठी पुस्तकाचा माग काढायला अभ्यासक ती उघडतात. ती टिकली याचं कारण नोंदीची शिस्त. आपल्याकडे साधनं आली, ती शिस्त मात्र आपली आपल्यालाच आणावी लागते.

त्या पुस्तिकेचं काय झालं?

सापडली. माळ्यावरच्या पोत्यात, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण मजकूर शाबूत. तिला दाखल क्रमांक २१७ मिळाला. नोंद करताना पहिल्यांदाच शीर्षकपृष्ठ नीट वाचलं. तिथे छापलं होतं: शके १८७७, आवृत्ती दुसरी.

मग १९५८ कुठून आलं? ते आजोबांच्या अक्षरात होतं, आतल्या कोऱ्या पानावर, त्यांच्या सहीखाली. त्यांनी पुस्तिका विकत घेतली ते वर्ष. मी प्रतीचा पासपोर्ट वाचला आणि तो पुस्तकाचा जन्मदाखला समजलो.

पहिली आवृत्ती कधीची, ते मला अजून माहीत नाही. त्यामुळे प्रबंधातलं वाक्य आता असं आहे: 'हे नाव १९५५-५६ पर्यंत छापील स्वरूपात आलेले होते.' 'पहिल्यांदा' हा शब्द काढून टाकला. वाक्य पहिल्यापेक्षा कमी रुबाबदार आहे, पण आता कोणी आवृत्ती विचारली तर उत्तर आहे. सरांना दाखवलं. ते "हं" म्हणाले आणि पुढच्या पानावर गेले. आमच्या सरांकडून एवढं म्हणजे भरपूर.

सूचीत अकरा नोंदी अशा आहेत ज्यांच्यापुढे 'जागा' या रकान्यात 'आढळले नाही' लिहिलंय. ती पुस्तकं आजीला आणि बाबांना आठवतात, पण घरात नाहीत. त्यांचे क्रमांक मी दुसऱ्या कुठल्या पुस्तकाला दिलेले नाहीत.

तुम्ही या रविवारी एवढंच करा. एकच कप्पा रिकामा करा. प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या पानावर पेन्सिलने क्रमांक घाला, पेनाने नको. आठ रकाने भरा. जे डोळ्यांनी दिसलं तेच लिहा, अंदाज असेल तर पुढे प्रश्नचिन्ह टाका. वीस पुस्तकांना साधारण दीड तास लागतो. आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना शेजारी बसवून घ्या. शेऱ्याचा रकाना त्यांच्याशिवाय भरत नाही.